साहित्य : घरात सहज उपलब्ध

मराठी भाषेत काही वाक्यं अशी आहेत, की ती ऐकून माणसानं मान डोलवावी, पण विश्वास ठेवू नये. 'पाच मिनिटांत पोचतोच' हे त्यातलं पहिलं. 'अगदी थोडंसंच वाढते' हे दुसरं. 'सर्व्हर डाऊन आहे, दहा मिनिटांत येईल' हे तिसरं. आणि ते मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूनं बरीच वर्षं उच्चारत आलो असल्यामुळे त्याविषयी अधिकारवाणीनं बोलू शकतो. पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'साहित्य : घरात सहज उपलब्ध' हे वाक्य! ते लिहिणारा गृहस्थ कुठल्या घरात राहतो, हे मला एकदा बघायचं आहे. त्याच्या घरात जांभळा कोबी असतो, रंगीत पिसं असतात, एकाच मापाच्या बारा रिकाम्या काड्यापेट्या असतात आणि पांढरं व्हिनेगर तर पाण्यासारखं वाहत असतं. आमच्या घरात सहज उपलब्ध असलेल्या वस्तू म्हणजे कुठल्याही मोबाईलला न लागणारे चार्जर, होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका, झाकणं हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणं. यातून काही उपक्रम करता येत असेल तर तो अजून कुणाला सुचलेला नाही.

यंदा मे महिन्याची सुट्टी लागली आणि आमच्या कन्येच्या, म्हणजे सईच्या, शाळेतून वीस कलमांची एक यादी आली. 'सुट्टीत करावयाचे सोपे घरगुती उपक्रम' असं तिचं शीर्षक. प्रत्येक उपक्रमाची वहीत नोंद करायची : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष. साहित्यापुढे अर्थातच ते सुप्रसिद्ध वाक्य. आणि सगळ्यात खाली, कर्जाच्या करारात खऱ्या अटी जितक्या बारीक अक्षरात असतात तितक्याच बारीक अक्षरात, 'मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे' अशी सूचना.

आता मोठे म्हणजे कोण? आमच्या घरात मोठी माणसं तीन. पैकी सौ. पाटबंधारे खात्यात आहे. पाणी अडवणं हा त्या खात्याचा धर्म असल्यामुळे माझे बहुतेक बेत ती उगमापाशीच अडवते. यादी वाचून ती म्हणाली, "अहो, मी रोज सकाळी सहाला उठून चार डबे करते, तोच माझा प्रयोग. त्याचा निष्कर्ष रोज एकच निघतो, की भाजी कुणालाच आवडलेली नाही. हे तुम्ही बघा." दुसरी मोठी व्यक्ती म्हणजे आई. तिच्याकडे मी नंतर येतो. उरलो मी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दहावीची परीक्षा संपल्यावर विज्ञानाचा आणि माझा जो सलोख्यानं घटस्फोट झाला, त्यानंतर आम्ही दोघांनीही एकमेकांची चौकशी केलेली नाही. परंतु २०१५ सालच्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. ती कर्मचाऱ्यांना विश्रांती मिळावी म्हणून दिलेली आहे, असा आमच्या संघटनेचा गैरसमज आहे. ती पाल्यांच्या उपक्रमांसाठी दिलेली आहे. थोडक्यात, त्या यादीला हवं असलेलं आणि घरात खरोखरच सहज उपलब्ध असलेलं साहित्य एकच होतं, आणि ते म्हणजे मी.

पहिला उपक्रम होता 'टाकाऊतून टिकाऊ : पेन ठेवण्याचा स्टँड'. मी कॉस्टिंग शिकलेला माणूस. वस्तू करण्याआधी मी तिचा ताळेबंद मांडतो. तो असा झाला : प्लॅस्टिकची टाकाऊ बाटली हवी, पण घरात एकही बाटली टाकाऊ नव्हती, म्हणून सरबताची भरलेली बाटली आणून ती तातडीनं पिऊन टाकाऊ केली, ४० रुपये. गोंद, ३५. रंग, १२०. चमकी, लेस आणि टिकल्या, ९०. ब्रश, ३०. पहिला ब्रश गोंदात वाळून शहीद झाल्यामुळे दुसरा ब्रश, ३०. एकूण ३४५ रुपये फक्त. बाजारात साठ रुपयांना पेनस्टँड मिळतो आणि त्यात पेनं उभी राहतात. आमच्या स्टँडमध्ये दोनपेक्षा जास्त पेनं घातली की तो साष्टांग नमस्कार घालतो. शिवाय या एका टाकाऊ वस्तूला टिकाऊ करताना घरातल्या तीन टिकाऊ वस्तू टाकाऊ झाल्या : शिवणाची कात्री, पलंगावरची चादर आणि खालच्या मजल्यावरच्यांशी असलेले आमचे संबंध. कारण रंग गॅलरीत सुकत ठेवला होता आणि त्यांचे शर्ट खाली.

दुसरा उपक्रम ज्वालामुखीचा. मातीचा डोंगर करायचा, त्याच्या पोटात खाण्याचा सोडा भरायचा आणि वरून व्हिनेगर ओतायचं. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि फेस उसळून वर येतो. लाव्हा दिसावा म्हणून त्यात लाल रंग. उद्रेक फारच यशस्वी झाला. ओट्यावरून लाव्हा खाली आला आणि पोळ्यांच्या डब्याला वळसा घालून फ्रीजखाली गुप्त झाला. सईनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सौ. फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "हाच सोडा नि लिंबू मी दर पंधरा दिवसांनी ढोकळ्यात घालते. तोही असाच फुगतो. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही." यावर वहीत काय निष्कर्ष लिहावा हे आम्हा दोघांनाही सुचेना, म्हणून ती जागा मोकळी सोडली.

आता आईकडे येतो.

आईला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. तिचं माहेर हरिपूरचं. सांगलीपासून चार-साडेचार किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात ते हे गाव. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं; पण ही हळद पूर्वी साठवायचे ती हरिपुरात, जमिनीखालच्या पेवांमध्ये. आईच्या वडिलांचा उभा जन्म या पेवांच्या तोंडाशी गेला. त्यामुळे आई हळदीत जन्मली, हळदीत वाढली आणि रीतसर हळद लागून सांगलीत आली. पुढची पन्नासएक वर्षं स्वयंपाकघर तिचं होतं. आमचं लग्न झाल्यावरही ते तिचंच राहिलं, सौ. तिथे डेप्युटेशनवर होती.

गेल्या दिवाळीनंतर एकदा दुपारी गॅसचं बटण उघडं राहिलं. ज्योत नव्हती. सौ. नेमकी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, तिला दारातच वास आला. काही झालं नाही. पण काय होऊ शकलं असतं याचा हिशेब करायला कॉस्टिंग शिकावं लागत नाही. त्या रात्री आम्ही दोघं बोललो, पुण्याच्या ताईला फोन झाला आणि 'आईंनी आता आराम करायचा' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. तो ठराव आजही कायम आहे. गॅसचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय सौ. घराबाहेर पडत नाही, आणि ती बरोबर करते.

पण 'आराम' हा शब्द मोठा लबाड आहे. आमच्या बँकेत माणूस निवृत्त झाला तर निदान शाल देतात, श्रीफळ देतात, मॅनेजर चार खोटं बोलतात. आईला आम्ही खुर्ची दिली. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये जो बोळ आहे तिथे ती ठेवली, कारण वारा तिथे चांगला येतो. तिथे बसून आई आमच्याकडे बघायची. संध्याकाळी दोनतीनदा विचारायची, "आज वार कुठला रे?" हे एक वेळ ठीक. मी कामावरून आल्यावर मलाही वार आठवत नाही. पण पूर्वी जेवताना पहिला घास घेतल्याबरोबर आई निकाल द्यायची : 'मिठाला कमी आहे', 'फोडणी करपली', 'डाळ शिजली नाही'. त्या निकालांवरून आमच्या घरात लहानमोठी महायुद्धं झालेली आहेत. एका रात्री आमटीत चुकून दोनदा मीठ पडलं. इतकं, की मी आणि सई पाण्याच्या तांब्याकडे एकदमच झेपावलो. आई मात्र निमूटपणे जेवून उठली. एक शब्द बोलली नाही. मी सांगतो, त्या महायुद्धांची मला कधी भीती वाटली नव्हती. त्या शांततेची वाटली.

तर नववा उपक्रम होता हळदीचा. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचा. त्यावर साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवला की तो लाल होतो आणि वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीतल्या करक्युमिन या द्रव्याचा हा गुण. आम्लारी लागली की लाल, आम्ल लागलं की पिवळं. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडून मग साबण लावणाऱ्याला हा प्रयोग वेगळा करून दाखवावा लागत नाही. सईनं साबण फिरवला, लाल झालं. लिंबू पिळलं, पिवळं झालं. विनाअपघात, विनाखर्च, साहित्य खरोखरच घरातलं! आम्ही दोघंही खूश. सईनं वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'निष्कर्ष : लिंबाच्या रसात हळद पिवळीच राहते.'

तिला शाळेच्या सवयीप्रमाणे मोठ्यानं म्हणत लिहायची सवय आहे. बोळातून आवाज आला, "लिंबानं पण लाल होते की."

सई म्हणाली, "नाही आजी, लिंबू म्हणजे आम्ल असतं. आम्लात हळद पिवळी असते."

"मग कुंकू कसं करतात?" आई म्हणाली. "हळकुंडंच असतात ती. लिंबाचा रस घालतात नि टाकणखार. चांगलं लालभडक होतंय. आमच्या आईनं केलेलं मी बघितलंय. लिंबाशिवाय कुंकू होतंय होय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सौ.नं मला खुणेनं आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "बघा, हे असं व्हायला लागलंय. परवा पण मला म्हणाल्या, दूधवाला आलाच नाही, आणि दूध फ्रीजमध्ये."

आता हा प्रसंग दिसायला लहान आहे. हळद लाल होते की पिवळी राहते, यावर कुणाचं काही अडत नाही. पण एकीकडे वही होती, आणि दुसरीकडे खुर्चीतली आई. आई चुकीची ठरली तर ती नुसती हळदीबद्दल चुकीची ठरणार नव्हती. वार, दूधवाला आणि गॅस यांच्या यादीत आणखी एक नोंद होणार होती. आणि वही बरोबर आहे हे तर आम्ही आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. बँकेत इतकी वर्षं मी लोकांच्या रकमा जुळवतो, पण अमुकच उत्तर यावं असं मला कधी वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं.

सई मात्र आमच्यापेक्षा सरळ निघाली. ती म्हणाली, "मग करून बघू की."

टाकणखार घरात सहज उपलब्ध नव्हता. तो आणायला मी संध्याकाळी गणपती पेठेत गेलो. काष्ठौषधीच्या दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "झुरळांसाठी काय?" म्हटलं, "नाही, आईसाठी." त्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला बरेच दिवस पुरेल. पैसे घेऊन तो म्हणाला, "पोटात जाऊ देऊ नका हं."

घरी दोन बशा मांडल्या. एका बशीत हळद आणि लिंबाचा रस. दुसऱ्या बशीत हळद, लिंबाचा रस आणि चिमूटभर टाकणखार. या वेळी देखरेख करणारी मोठी व्यक्ती बदलली होती. आईची खुर्ची बोळातून ओट्याजवळ आली होती. "रस भरपूर घाल. अजून घाल. चिक्कूपणा कुणाकडनं शिकलीस?" असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. कालवून झालं. पाच मिनिटं झाली. दोन्ही बशा पिवळ्या.

दहा मिनिटं. पिवळ्या. सईनं पेन उघडलं. "निरीक्षण : लाल झाली..." इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. पुढचा शब्द तिलाही लिहवेना.

"वाळू दे की," आई म्हणाली. "ओल्यात कुठं कुंकू होतंय? एवढी काय घाई आहे तुम्हाला सगळ्यांना?"

दोन कागदांवर ते दोन लेप पसरले, खाली 'एक' आणि 'दोन' असे आकडे घातले आणि सावलीत ठेवून दिले. रात्री मला नीट झोप लागली नाही. साडेपाचला उठून गॅलरीत गेलो, तर सई माझ्या आधीच तिथे उकिडवी बसलेली. एक नंबरचा कागद पिवळा होता. दोन नंबरचा लाल! लालभडक म्हणणार नाही, विटकरीकडे झुकणारा. पण लाल म्हणजे लालच. आईला उठवून दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "रंग कमी उतरलाय. पहिल्या खेपेला असंच होतंय." आणि तोंड धुवायला गेली. विजयी वीर कसा असावा, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग मात्र मी हात धुऊन या गोष्टीच्या मागे लागलो. उत्तर असं निघालं : टाकणखारात बोरॉन नावाचं मूलद्रव्य असतं. आम्ल असताना हे बोरॉन करक्युमिनला जाऊन बिलगतं आणि मिश्रण वाळत जाईल तसा एक निराळाच लाल रंग तयार होतो. साबणानं येणारा लाल तो वेगळा आणि हा वेगळा. हा इतका खात्रीचा, की एखाद्या पदार्थात बोरॉन आहे का हे ओळखायला रसायनशास्त्रज्ञ हळदीचा कागदच वापरत आलेले आहेत. म्हणजे वही बरोबर होती आणि आईही बरोबर होती. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. दोन खातेवह्या, दोन्ही बिनचूक, तरी मेळ लागत नाही. आणि शोधता शोधता कळतं की एका वहीत एक नोंदच केलेली नाही. शाळेच्या यादीत टाकणखाराची नोंद नव्हती, इतकंच.

सईनं त्यापुढे जाऊन कॅरमच्या डब्यातली पावडर आणली. डब्यावर 'बोरिक' असं लिहिलं होतं. म्हणाली, "यातही तेच बोरॉन असेल ना?" तिसरा कागद केला. वाळल्यावर तोही लाल झाला. ही कल्पना ना यादीतली होती, ना माझी, ना आईची. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात कॅरम हळदीनं आणि हळद कॅरमनं माखलेली होती.

तेव्हापासून आमच्या वहीत 'देखरेख' या रकान्यात 'आजी' असं लिहिलं जाऊ लागलं आणि मला डिमोशन मिळून मी हमाल झालो. सौ.ची अट एकच : विस्तव नाही. विस्तव लागलाच तर ती स्वतः समोर उभी राहणार. ती अट आईनंही काही न बोलता मान्य केली, आणि मग कळलं, की विस्तवाशिवाय स्वयंपाकघरात करण्यासारखं केवढं तरी असतं.

एका प्रयोगात थाळीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरायची आणि मधोमध भांडी घासायच्या साबणाचं बोट टेकवायचं. सगळी मिरपूड क्षणात कडेला पळते; साहेब राऊंडला आले की आमच्या चहाच्या टेबलाभोवतीची माणसं पांगतात तशी. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, साबण तो सैल करतो, म्हणून हे होतं. यावर वाचताना मला ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाई सापडल्या आणि जेवताना मी त्यांची गोष्ट सांगितली. जन्म १८६२. त्या काळी तिथल्या मुलींना विद्यापीठाचं दार बंद. आईवडील आजारी, घर हिच्यावर. खरकट्या तेलकट पाण्याकडे बघता बघता हिला प्रश्न पडले आणि पत्र्याचं साधं कुंड करून तिनं स्वयंपाकघरातच पृष्ठताणाची मोजमापं सुरू केली. सुमारे दहा वर्षांनी तिनं इंग्लंडातल्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यानं ते १८९१ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आणलं. पुढे १९३२ साली, वयाच्या सत्तरीत, बाईंना सन्माननीय डॉक्टरेट मिळाली.

आई सगळं लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "मग भांडी कुणी घासली?"

"तिनंच की."

"मग बरोबर," आई म्हणाली. का बरोबर, ते तिनं सांगितलं नाही, पण सौ.नं मान डोलवली आणि बऱ्याच महिन्यांनी त्या दोघी एका बाजूला झाल्या.

मग मला आपल्याकडच्या कमला सोहोनी आठवल्या. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तर खुद्द सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ही हटून बसली आणि प्रवेश मिळवला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. तिथे काम केलं बटाट्यावर! श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी नावाचं द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं हे त्यांनी दाखवलं. हे ऐकल्यापासून सई बटाट्याच्या भाजीला नावं ठेवत नाही. विज्ञानाचे फायदे असे अनपेक्षित ठिकाणी होतात.

अठरावा उपक्रम होता 'मेणबत्ती आणि ग्लास'. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातला की ती विझते. सौ. समोर उभी. मेणबत्ती विझली. सईनं लिहिलं, 'जळण्यास ऑक्सिजन लागतो.' आई म्हणाली, "पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा दोरीनं. कंदील विझला तर माणसानं जायचं नाही." पेव वरून गच्च बंद केलेलं असतं; आत हवा धड नसते म्हणून किडाही जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पण ज्या हवेत किडा जगत नाही त्या हवेत माणूस कसा जगेल? मग आई पेवांबद्दल पाऊण तास बोलली. २००५ च्या महापुरात पाणी शिरून किती पेवं वाया गेली, तेही तिनं सांगितलं, आणि शेवटी गप्प झाली. त्या पाऊण तासात तिनं एकदाही वार विचारला नाही. मी घड्याळ लावून ऐकत होतो असं नाही, पण लक्षात आलं.

विसावा आणि शेवटचा उपक्रम, 'घरगुती आइस्क्रीम'. शाळेच्या यादीत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत करायचं होतं. आई म्हणाली, "पिशवीत काय? माळ्यावर पॉट आहे." हमालानं, म्हणजे मी, माळ्यावरून लाकडी पॉट काढला. त्याच्या फळ्यांमधून पलीकडचं दिसत होतं. "रात्रभर पाण्यात ठेव, लाकूड फुगतंय," आई म्हणाली. सकाळी एक थेंब गळेना. दूध सौ.नं आटवलं, आमरस सईनं काढला. भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खूप खाली, योग्य प्रमाण साधलं तर उणे एकवीस अंशांपर्यंत गार होऊ शकतो. म्हणूनच नुसत्या बर्फात न गोठणारं दूध त्यात गोठतं. सई दांडा फिरवत होती, पॉट हलू नये म्हणून गोणपाट टाकून आईनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता, आणि मी बर्फ फोडत होतो. खालच्या मजल्यावरच्यांना दोन वाट्या पाठवल्या. शर्टांचा विषय मिटला.

या आइस्क्रीमचाही मी खर्च काढला. दूध, आंबे, बर्फ, मीठ धरून तो दुकानातल्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट आला. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात रात्रीची पानं वाढली गेली. आईनं आमटीचा पहिला भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"मिठाला कमी आहे," ती म्हणाली. "सगळं बर्फात घातलंत वाटतं."

सौ. माझ्याकडे बघून हसली. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. सासूनं स्वयंपाकाला नाव ठेवल्यावर सून हसल्याची ही पहिलीच नोंद. मी खर्चाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

शाळा उघडल्यावर वही तपासून आली. ज्वालामुखीच्या पानावरची निष्कर्षाची मोकळी जागा बाईंनी लाल शाईनं गोल केली होती. हळदीच्या पानावर सईनं आपलं आधीचं वाक्य खोडून, खाली तीन कागद चिकटवून, नवा निष्कर्ष लिहिला होता :

'आजीला विचारावे. करून पाहावे. आणि वाळू द्यावे.'

त्यावर बाईंची सही होती आणि शेरा होता, 'छान'. फक्त 'साहित्य' या शब्दापुढे त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. कारण हळद, लिंबू, टाकणखार आणि दोन बशा यांच्या खाली सईनं 'आजी' असं लिहून कंसात तेच वाक्य टाकलं होतं : घरात सहज उपलब्ध.